एकरभर जमीन, झाडं किती? प्लॉटिंग आणि बांधकामासाठी सावलीचा हिशेब

मराठवाड्यात जमिनीचा सौदा झाला की पहिलं काम होतं ते 'रान साफ' करायचं. मोजणी नंतर, नकाशा त्याच्याही नंतर. जेसीबीवाला येतो, बांधावरचे लिंब (कडुलिंब), विहिरीच्या कडेची चिंच आणि बाभळींची रांग एका दुपारी आडवी करतो. पुढे फाइल परवानगीला गेली की मालकाच्या लक्षात येतं, त्या झाडांनी त्याचं निम्मं काम आधीच करून ठेवलं होतं. पहिल्यांदा प्लॉटिंग करणारे, आठ-दहा फ्लॅटची इमारत उभी करणारे, एमआयडीसीत शेड टाकणारे आणि अशा साइटवर नुकतेच रुजू झालेले इंजिनिअर, यांच्यासाठी हे लिहितोय.

आपल्याकडचे बहुतेक नियम झाडांची संख्या विचारतात. सावली किती पडणार, हे कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या कायद्यात उलट आहे. तिथे नवी वसाहत किंवा इमारत होताना, वीस वर्षांनी झाडांचं छत, म्हणजे फांद्या-पानांचा पसारा, जागेच्या किती टक्क्यांवर असेल याची अट स्थानिक संस्थेला घालता येते. दुकानं आणि कारखान्यांच्या जागेसाठी १० टक्के, एकरी दहा किंवा त्याहून कमी घरं असतील तर २० टक्के. आपल्या परवानगीच्या कागदात असं कलम शोधू नका, सापडणार नाही. पण स्वतःचा हिशेब या पद्धतीने करा. नियमाचा आकडाही त्यात आपोआप बसतो आणि पैसेही वाचतात.

आधी हद्द बघा

जमीन महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' लागू होतो. झाड कुठलंही असो, तुमच्या स्वतःच्या प्लॉटमधलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. जाळणं, साल सोलणं, मुळाशी काहीतरी ओतून वाळवणं यालाही सुटका नाही. महापालिकेत अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे, म्हणजे व्यवहारात उद्यान विभागात द्यायचा. नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करायची. जागेची पाहणी होते, झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते, हरकती येतात. हा वेळ कामाच्या वेळापत्रकात आधीच धरून ठेवा.

२०२१ च्या दुरुस्तीने या कायद्याला खरी धार आली. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं. त्याहूनही तुमच्या खिशाशी संबंधित गोष्ट म्हणजे भरपाईची झाडं तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी लावायची असतात. चाळीस वर्षांचे तीन लिंब तोडले तर १२० रोपं. तीही बोटभर नव्हेत, सहा ते आठ फूट उंचीची. त्यांचं जिओ-टॅगिंग (जीपीएसने जागेची नोंद) करायचं आणि सात वर्षं ती जगवायची. एकरभर जागेत १२० झाडं बसणार कुठे? म्हणून लिंब वाचवण्यासाठी रस्ता सहा फूट सरकवणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. पर्यावरणप्रेम बाजूला ठेवून, नुसता जमाखर्च मांडला तरी.

जमीन गावच्या हद्दीत असेल तर १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा येतो. त्यात परवानगी लागणाऱ्या झाडांची यादी आहे. आपल्याकडे दिसणाऱ्यांपैकी चिंच, आंबा, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन, अंजन ही झाडं त्या यादीत आहेत. ती तोडण्याआधी वन परिक्षेत्र कार्यालय गाठायचं. लिंब आणि बाभूळ यादीत नाहीत. नेमक्या याच पळवाटेने आपले बांध बोडके झाले. शहरालगतच्या गावात जमीन घेत असाल तर हद्दवाढ झाली आहे का, ते क्षेत्र एखाद्या नियोजन प्राधिकरणाकडे गेलं आहे का, हे नगररचना कार्यालयात विचारून लिहून ठेवा. विकणाऱ्याच्या तोंडी माहितीवर विसंबू नका.

झाडांची यादी: लेआउटच्या आधी

सर्वेअर जागेवर येईल त्याच दिवशी त्याच्याकडून झाडांचीही नोंद करून घ्या. नंतर बोलावलं तर वेगळे पैसे लागतात आणि तोवर झाडं उरलेली नसतात. प्रत्येक झाडाला गेरूने किंवा रंगाने नंबर टाका, खिळे ठोकून पत्र्याचे तुकडे लावू नका. नंबरसमोर झाडाचं नाव, छातीच्या उंचीवर म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर, अंदाजे उंची, पोकळी किंवा वाळवी आहे का, आणि जीपीएस कॅमेऱ्याने काढलेला फोटो. वयाचा अंदाज गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. विहीर कधी खोदली, बांध कधी पडला, यावरून तो बऱ्यापैकी बरोबर सांगतो.

आता सावली कशी मोजायची. उन्हाळ्यात साइटवर असाल तर सगळ्यात सोपी रीत फुकट मिळते. मे महिन्याच्या मध्यावर मराठवाड्यात सूर्य दुपारी जवळजवळ थेट डोक्यावर येतो. लातूरकडे थोडा आधी, छत्रपती संभाजीनगरकडे काही दिवसांनी. तेव्हा सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान झाडाखाली पडलेली सावली म्हणजेच त्या झाडाच्या छताचा आराखडा. चुना टाका, टेपने आडवा-उभा व्यास घ्या, दोन्हींची सरासरी काढा. एरवी कुणा एकाला फांद्यांच्या टोकाखाली उभं करून मापं घ्यावी लागतात. तेही चालतं, फक्त दोन माणसं लागतात.

एका एकराचं उदाहरण

एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट, साधारण ४,०४७ चौरस मीटर. राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे (ती डिसेंबर २०२० पासून लागू आहे) ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के मनोरंजनाची खुली जागा सोडावी लागते. म्हणजे इथे चार गुंठे. अनेक जण जमीन ३९ गुंठ्यांची दाखवता येईल का ते बघतात. बघू नका. ते चार गुंठे हीच पुढे तुमच्या प्लॉटिंगची जाहिरात असते.

झाडांची संख्या किती, हे तुमच्या परवानगीपत्रातल्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. ते पत्र आर्किटेक्टकडे न ठेवता स्वतः वाचा. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असलं तर पर्यावरण मंजुरी लागते. बांधकाम प्रकल्पांसाठी केंद्राने २०१६ साली काढलेल्या अधिसूचनेत प्रत्येक ८० चौरस मीटर जागेमागे एक झाड, हयात झाडं त्यात मोजायची आणि तोडलेल्या एकामागे तीन लावायची, असं माप आहे. प्रकल्प लहान असला तरी आखणीसाठी ८० चौरस मीटरचं माप सोयीचं आहे. आपल्या एकरात ते ५१ झाडं सांगतं.

आता समजा जागेवर चाळीस फूट व्यासाच्या छताचे तीन लिंब उभे आहेत. एका लिंबाची सावली साधारण १,२५० चौरस फूट, म्हणजे गुंठ्याहून जास्त. तिन्ही मिळून एकराचे साडेआठ टक्के आजच झाकलेले आहेत. नवीन रोप दहा वर्षांनी सोळा फूट पसरलं तर त्याची सावली २०० चौरस फूट, म्हणजे एका जुन्या लिंबाच्या जागी अशी सहा झाडं लागतात आणि दहा वर्षं थांबावं लागतं. ५१ पैकी निम्मी जगली असं धरलं (आपल्याकडे निम्मी जगली तरी पाठ थोपटावी) तरी २५ झाडांची ५,००० चौरस फूट सावली होते. तीन लिंब अधिक पंचवीस नवी झाडं मिळून २० टक्के. लिंब काढून टाकले तर तोच आकडा साडेअकरावर येतो.

एमआयडीसीत वेगळा हिशेब

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, जालना किंवा लातूरच्या औद्योगिक वसाहतीत प्लॉट घेतला असेल तर भाडेपट्ट्याचा करार उघडा. त्यात दर २०० चौरस मीटरमागे एक झाड आणि रस्त्याकडच्या बाजूला दर १५ मीटरला एक झाड, असं कलम असतं. शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात मोकळ्या जागेच्या ३३ टक्क्यांवर हरित पट्टा मागितलेला असतो. बहुतेक उद्योजकांना हे कलम तपासणीच्या वेळीच आठवतं आणि मग ट्रकभर अशोक आणून भिंतीलगत रोवले जातात. उंच, सरळ वाढणाऱ्या त्या झाडाखाली माणसाला उभं राहण्यापुरतीही सावली नसते. कामगारांची पार्किंगची जागा, सिक्युरिटी केबिन आणि शेडची पश्चिम भिंत, या तीन ठिकाणी पसरणारी झाडं लावा. पत्र्याच्या शेडवर दुपारी तीननंतर येणारं ऊन अडवणं हाच त्या पट्ट्याचा खरा उपयोग आहे.

गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या प्लॉटबद्दल थोडक्यात: तिथे खुली जागा सोडलेलीच नसते. २००१ च्या कायद्याने बांधकाम नियमित होईल, पण सावली मागाहून नियमित करता येत नाही. घराच्या पश्चिमेला चार-पाच फूट मोकळे ठेवून एखादं मध्यम झाड लावणं, एवढंच हातात उरतं.

नकाशा काढताना

आर्किटेक्टला कोरा सर्व्हे नंबर देऊ नका, झाडांचे नंबर आणि त्यांच्या छताची वर्तुळं असलेला नकाशा द्या. जास्तीत जास्त जुनी झाडं खुल्या जागेत, रस्त्याच्या कडेला किंवा पार्किंगमध्ये पडतील अशी आखणी करायला सांगा. दोन प्लॉटच्या सामाईक हद्दीवर झाड ठेवलं तर ते वाचत नाही. दोन्ही मालक एकमेकांच्या माघारी ते तोडतात.

नव्या झाडांच्या जागा ठरवताना महावितरणची लाइन, ड्रेनेज आणि पाण्याचे पाइप नकाशावर आधी टाका. विजेच्या तारांखाली लिंब लावला तर दरवर्षी पावसाळ्याआधी त्याचा शेंडा छाटला जाणार, आणि झाड कायम बोडखं राहणार. काळ्या चिकण मातीत आणखी एक पथ्य पाळा. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. मोठं झाड पायाजवळची ओल ओढून घेतं आणि उथळ पायाच्या भिंतींना तडे जातात. म्हणून मोठं वाढणारं झाड इमारतीपासून निदान वीस-पंचवीस फूट लांब. वड, पिंपळ, उंबर त्याहूनही लांब, खुल्या जागेतच. मुरमाड जमिनीत हा प्रश्न कमी, पण तिथे खड्डा खणताना कपाळाला घाम येतो.

बांधकाम चालू असताना

वाचवलेली झाडं खरी मरतात ती इथे. मरायला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणून दोष कुणावर येत नाही.

मुळं खोडाखाली सरळ खोल गेलेली असतात असा सगळ्यांचा समज असतो. पाणी-अन्न शोषणारी मुळं बहुतांशी वरच्या दोन-तीन फुटांत, छताच्या कडेपर्यंत आणि त्यापलीकडेही पसरलेली असतात. हा सगळा भाग वाचवायचा. सोपं माप असं: छातीच्या उंचीवरचा घेर मोजा, त्याच्या चौपट त्रिज्येचं वर्तुळ आखा. सहा फूट घेराच्या चिंचेला चोवीस फूट त्रिज्या लागते. एवढं शक्य नसेल तर निदान छताच्या कडेपर्यंत बांबू आणि हिरव्या जाळीचं कुंपण घाला, आणि तेही पहिला ट्रक साइटवर येण्याच्या आधी.

त्या कुंपणाच्या आत काय होऊ द्यायचं नाही, हे मुकादमाला आणि वॉचमनला समोर उभं करून सांगा. वाळू, खडी, विटांची थप्पी नको. मिक्सर धुतलेलं पाणी नको; सिमेंटचं पाणी अल्कधर्मी असतं आणि ते मातीत मुरलं की मुळं जळतात. कामगारांची चूल नको. सर्वांत जास्त झाडं मारणारी गोष्ट म्हणजे भराव: प्लॉटची पातळी रस्त्याला आणण्यासाठी खोडाभोवती दोन फूट मुरूम दाबला की मुळांचा श्वास कोंडतो. पातळी वाढवणं टळत नसेल तर झाडाभोवती मोकळं आळं ठेवून दगडी कठडा बांधा. शेवटी पेव्हर ब्लॉक टाकताना खोडाला चिकटवून टाकू नका. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली खोडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. आपण तेवढी जागा आधीच सोडावी.

पायाच्या खोदकामात निघालेली वरची माती विकू नका. २०१६ च्या त्याच अधिसूचनेत वरचा २० सेंटिमीटर थर वेगळा काढून ठेवायला आणि लागवडीत वापरायला सांगितलंय. साइटच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ढीग करून ठेवा. पुढे पोयटा विकत आणायचा खर्च वाचेल.

पुनर्रोपणाचा पर्याय कंत्राटदार फार उत्साहाने सुचवतात. वड, पिंपळ, उंबर ही झाडं बऱ्यापैकी लागतात, बाकीच्यांचा भरवसा कमी. काही महिने आधी मुळांभोवती टप्प्याटप्प्याने चर घेतला, पावसाच्या तोंडावर हलवलं आणि नंतरचा उन्हाळाभर पाणी दिलं तरच. त्यापेक्षा नकाशा बदलणं सोपं.

कोणती झाडं लावायची

लिंब पहिला, त्यावर वाद नको. त्याच्या जोडीला करंज, चिंच, शिरीष, जांभूळ, आवळा, बेल. ओढ्याकाठी किंवा सांडपाण्याच्या निचऱ्याजवळ अर्जुन. रस्त्याच्या कडेला आणि तारांखाली बहावा, आपटा, कांचन. मुरमाड माळावर जिथे काहीच येत नाही तिथे पळस, हिवर, खैर, बोर आणि सीताफळ. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ कुणी न लावता उगवतं. अंबाजोगाईला तर सीताफळ संशोधन केंद्रच आहे. फळझाडांची कलमं परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्या, बाकीची रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत स्वस्त मिळतात. मोठी रोपं हवी असतील तर उन्हाळ्यातच सांगून ठेवावी लागतात. जुलैत गेलात तर उरलेली खुरटी रोपं मिळतील.

गुलमोहर आणि रेनट्री लवकर सावली देतात हे खरं, पण वळवाच्या वादळात त्यांच्या फांद्या गाड्यांवर पडतात. खुल्या मैदानात एखाददुसरा चालेल, पार्किंगवर नको. सुबाभूळ एकदा शिरली की सगळीकडे बी टाकते. अलीकडे दुभाजकांवर आणि कंपाउंडलगत दिसणारा हिरवागार कोनोकार्पस परदेशी आहे. त्याच्या मुळांच्या आणि परागकणांच्या तक्रारींमुळे गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. नर्सरीवाला 'साहेब, पाणी नाही लागत' म्हणून तोच गळ्यात मारतो. एकच जात सगळीकडे लावू नका. कीड आली तर रांगच्या रांग जाते.

खड्डा, पाणी, शेळ्या

खड्डे एप्रिल-मेमध्ये काढून उन्हात तापू द्या. मोठ्या झाडासाठी तीन फूट बाय तीन फूट, तीन फूट खोल. मुरमात एवढा खणणं जिवावर येतं म्हणून मजूर दीड फुटावर थांबतात, आणि रोप कुंडीत लावल्यासारखं तिथेच गोल फिरतं. भरताना जपून ठेवलेली माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड घाला. कच्चं शेण टाकलं की वाळवी आलीच. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून लगेच लावू नका. जमीन फूटभर खोल ओली झाली की लावा, आर्द्रात बहुधा ती वेळ येते.

आपल्याकडचा पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही मधे तीन आठवडे दडी मारतो. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळे झाडांची संख्या ठरवताना पाण्याचा हिशेब त्याच कागदावर मांडा. पहिल्या उन्हाळ्यात रोपाला आठवड्यातून दोनदा वीस लिटर धरलं तर ५१ झाडांना आठवड्याला २,००० लिटरच्या वर पाणी लागतं. ५,००० लिटरचा टँकर अडीच आठवडे पुरतो. फेब्रुवारी ते जूनच्या मध्यापर्यंत असे सात-आठ टँकर. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदाच, पण चाळीस लिटर, म्हणजे मुळं खाली जातील. ठिबक टाकलं तर नळी जमिनीवर उघडी ठेवू नका, खारी कुरतडतात. आळ्यात गवत, तुराट्या किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन घातलं की पाण्याच्या पाळ्या कमी होतात. छतावरचं पावसाचं पाणी जिरवण्याचा खड्डा करताच आहात, तो झाडांच्या रांगेजवळ घ्या.

शेळ्यांसाठी लोखंडी ट्री गार्ड चांगला, पण तो चोरीला जातो. बोराटीच्या काट्यांचा वळसा कुणी चोरत नाही.

फाइल आणि हस्तांतरण

भोगवटा प्रमाणपत्राच्या (इमारत वापरायच्या परवानगीच्या) वेळी झाडं लावल्याचा पुरावा आणि उद्यान विभागाचा दाखला मागितला जातो. त्या आठवड्यात लावलेली रोपं अधिकाऱ्यालाही ओळखू येतात. जोत्याचं काम चालू असतानाच, पहिल्या पावसाळ्यात कडेची झाडं लावून टाका. ताबा देईपर्यंत ती पुरुषभर उंच झालेली असतात. दर पावसाळ्यानंतर नंबरनिहाय फोटो काढून त्याच फाइलला लावत जा. भरपाईची झाडं असतील तर सात वर्षं हे करायचंच आहे.

प्लॉट विकून झाले की पाणी कुणी घालायचं, हा प्रश्न प्रत्येक लेआउटमध्ये येतो आणि बहुतेक झाडं याच टप्प्यावर वाळतात. खुल्या जागेतल्या बोअरचं वीज कनेक्शन बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर असतं. ते काम संपल्यावर कापलं जातं, आणि सोसायटी स्थापन व्हायला आणखी दीड वर्ष असतं. ते मीटर सोसायटीच्या किंवा प्लॉटधारक संघाच्या नावावर होईपर्यंतचं वीजबिल आणि माळ्याचा पगार विक्रीच्या हिशेबातच धरून ठेवा, आणि खरेदीखतासोबत प्रत्येक प्लॉटधारकाला झाडांच्या नकाशाची प्रत द्या, त्याच्या फाटकासमोरच्या झाडाचा नंबर टाकून.